पलंगाकडे तोंड करून बसलेली बाहुली

घडलं ते सांगते. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मला कुणाकडून पावती नको आहे.

आधी एवढंच सांगते, की यातला एक शब्दही पदरचा नाही. मी पंख्याच्या कारखान्यात खर्चाचा विभाग सांभाळते. एक स्क्रू जास्त गेला तरी तो कुठे गेला याचा छडा लावणारी बाई मी. पदरचं घालणं माझ्या स्वभावातच नाही.

रात्र नव्हती. कुत्रं रडत नव्हतं. दिवेही गेले नव्हते.

रविवारची दुपार होती. बाहेर रणरणतं ऊन. जेवून सगळी इमारत सुस्तावलेली.

जागा... आमच्या घरातली मागची लहान खोली.

आणि त्या खोलीत तेव्हा कुणीही नव्हतं.

हे मी छातीठोकपणे सांगते. कारण खोलीत कुणी असू नये, म्हणूनच तर आम्ही सगळे बाहेर बसलो होतो.

ती खोली माझ्या भाचीची. माझा धाकटा भाऊ आणि भावजय दोघंही गेले, तेव्हापासून ती आमच्याकडे. घरात तिला चिऊ म्हणतात. खाणं चिमणीचं, बडबड मात्र साळुंकीची. आम्हाला मूलबाळ नाही. आयुष्याचा हिशेब मांडला तर जमेच्या बाजूला ती एकटीच. बाकी सगळं ‘हे’ आणि त्यांचं घोरणं.

आमचे हे औषधाच्या दुकानात बसतात. आयुष्यभर डॉक्टरांची अक्षरं वाचली. त्यामुळे जगात न कळण्यासारखं काही असतं, यावर त्यांचा विश्वास नाही.

चिऊ इंजिनियर. आमच्याच कारखान्यात, पण अजून कच्च्या नोकरीवर.

पूर्वी आमच्याकडे पंखा कसा बनायचा? एक बनवायचा, फिरवायचा, खडखडला की मोडायचा. मग दुसरा बनवायचा. भंगाराचा ढीग बघून मी त्याची किंमत मांडत बसायचे. आता तसं नाही. आता पंखा आधी कॉम्प्युटरमध्ये बनतो. कॉम्प्युटरमध्येच खोली, खोलीत पलंग, कपाट. पंखा तिथे फिरतो, वारा कुठून कुठे जातो ते रंगीत दोऱ्यांसारखं पडद्यावर दिसतं. याला सिम्युलेशन म्हणतात. चिऊचं काम ते.

तिच्या साहेबांना सगळे दशांश म्हणतात. अर्थात पाठीमागे. ‘साधारण’, ‘अंदाजे’ असले शब्द त्यांच्या टेबलापाशी काढायचे नाहीत. लग्नाला किती वर्षं झाली विचारलं, तर दशांशचिन्हापुढे दोन घरं सांगणारे गृहस्थ.

ते चिऊला म्हणाले, “पडद्यावरचं चित्र सुंदर आहे. चित्रं माझी मुलगीही काढते. खऱ्या खोलीत मोजून दाखवा. जुळलं तर तुमची नोकरी पक्की.”

“आणि नाही जुळलं तर, सर?”

“तर चित्रकलेच्या वर्गाचा पत्ता देतो.”

चिऊने स्वतःचीच खोली निवडली. नाही तरी आमच्याकडची इंजिनियर मंडळी घरच्या खोल्याच वापरतात. फुकट असतात आणि मालक तक्रार करत नाहीत. तिने खोलीचा कोपरान् कोपरा मोजून कॉम्प्युटरमध्ये घातला. मग खऱ्या खोलीत काठ्या उभ्या केल्या. त्यांच्यावर वाऱ्याचा वेग टिपणाऱ्या बारीक सुया. मध्ये आमचा नवा पंखा.

“आता कुणी आत जायचं नाही,” ती दार लावत म्हणाली. “माणूस आत असला की वारा त्याला वळसा घालून जातो. सगळे आकडे बिघडतात.”

“आणि मला दुपारची झोप लागते त्याचं काय?” आमच्या ह्यांनी विचारलं.

“आतोबा, तुम्हाला बसस्टॉपवरही झोप लागते.”

आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत बसलो. बंद दारातून पंख्याची घरघर येत होती. एकसारखी, संथ. ऐकून मलाही पेंग यायला लागली.

आणि मग...

घरघर बदलली.

तुम्ही अनुभवलं असेल. चालू पंख्यासमोरून कुणी गेलं की आवाज क्षणभर दबतो. बुडाल्यासारखा होतो. आणि पुन्हा वर येतो.

अगदी तसा आवाज.

चिऊने मान वर केली. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत होते.

तिघंही बाहेर. दार बंद.

पुन्हा तेच... आवाज दबला. पण या वेळी लगेच वर आला नाही. कुणीतरी पंख्यासमोरून जाता जाता... थांबलं होतं.

“व्होल्टेज,” हे म्हणाले.

“हो, व्होल्टेजच,” चिऊ म्हणाली.

मी वर बघितलं. आमच्या डोक्यावरचा छताचा पंखा त्याच विजेवर चालत होता. तो कुठे दबला होता?

सोमवारी तिच्या टेबलापाशी गेले, तर पोरगी नखं खात बसलेली. पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी. एक कॉम्प्युटरने मांडलेलं, एक खरं मोजलेलं. बाकी सगळं जुळत होतं. फक्त खिडकीखाली, पलंग आणि कपाट यांच्यामधल्या रिकाम्या जागेत, खरा वारा पोचतच नव्हता. त्या जागेच्या अलीकडेच फुटून दोन्ही बाजूंनी निघून जात होता.

“तिथे काय आहे?” दशांशांनी विचारलं.

“काही नाही, सर. रिकामी जागा आहे.”

“रिकाम्या जागेला वारा घाबरत नाही. स्टूल विसरलात.”

“सर, आमच्या घरात स्टूलच नाही.”

ते खरं होतं. मी साक्षीदार. स्टूल घ्यायला मीच नको म्हटलं होतं.

पुढच्या रविवारी तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. मग तिने कारखान्यातून धुराची नळी आणली. दाबली की बारीक, पांढरा, सरळ धूर निघतो, वारा कसा वाहतो ते दिसावं म्हणून. चिऊ पंख्याजवळ ओणवी झाली. मी दाराच्या चौकटीत. खिडकीतून ऊन आत येत होतं.

धूर निघाला. उन्हात चमकत पुढे गेला. सरळ, पट्टीने आखल्यासारखा.

खिडकीपाशी पोचला...

आणि फाटला.

अर्धा डावीकडून. अर्धा उजवीकडून. मध्ये कमरेएवढ्या उंचीचं काहीतरी होतं, आणि काहीच नव्हतं. पलीकडे जाऊन दोन्ही धारा पुन्हा एक झाल्या. नदीत दगड असावा तशा. फक्त दगड नव्हता.

“हे तपासायला मांत्रिक आणायचा की प्लंबर?” मागून हे म्हणाले.

पण त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. आणि तो हात गार होता.

एक गोष्ट लक्षात घ्या. या खोलीत कधी कुणी मेलेलं नाही. इमारत नवी, पहिले राहणारे आम्ही. खाली स्मशान नव्हतं, विहीर नव्हती, पूर्वी तिथे शेवग्याची झाडं होती म्हणे. भुताचं मूळ शोधायचं म्हटलं तर माझ्या हाती एक शेंगसुद्धा लागली नाही.

पुढे जे झालं ते मात्र आमच्या धंद्यातल्या माणसांनाच सुचू शकतं.

मोजमाप आणि कॉम्प्युटर जुळेनात की ही मंडळी काय करतात ठाऊक आहे? मॉडेलमध्ये एक खोटी वस्तू ठेवतात. जुळेपर्यंत सरकवतात. जुळलं की म्हणतात, झालं. मी नावं ठेवत नाही. आमच्या खर्चातही ‘किरकोळ’ नावाचं एक खातं असतंच. कुठेच न बसणारं सगळं तिथे बसतं.

दशांश म्हणाले, “तिथे काहीतरी आहे असं धरा आणि जुळवा. काय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही.”

चिऊने आधी तिथे एक खोका ठेवला. पडद्यावर हो, खऱ्या खोलीत नाही. थोडं जुळलं. मग गोल पिंप. आणखी थोडं. मग तिने एक बाहुली घेतली. त्या प्रोग्राममध्ये माणसाच्या आकाराच्या तयार बाहुल्या असतात, राखाडी, बिनचेहऱ्याच्या. उभी ठेवली. नाही. बसवली...

आकडे एकदम जवळ आले.

“तोंड कुठे करू?” ती स्वतःशीच म्हणाली. आधी खिडकीकडे केलं. बिघडलं. दाराकडे केलं. बिघडलं.

पलंगाकडे केलं.

जुळलं.

त्या पलंगावर ती झोपते.

थोडा फरक उरला होता. बाहुली जास्त धिप्पाड होती. प्रोग्राम मापं विचारत होता. उंची, खांदे, मांडीची लांबी. चिऊने पटापट आकडे घातले. दुसरं कुणाचं माप तिला तोंडपाठ असणार?

स्वतःचीच मापं घातली.

दशांशचिन्हापुढची दोन्ही घरं जुळली.

दशांश साहेब आयुष्यात पहिल्यांदा टाळी वाजवताना दिसले. “पक्की समजा नोकरी,” म्हणाले. चिऊ घरी येताना मला बिलगली. म्हणाली, “आत्या, झालं गं.” मीही हसले. पण ती बाहुली पडद्यावर मी बघितली होती. चेहरा नव्हता. तरी पाठीचा बाक... मान किंचित डावीकडे...

आमची चिऊ जेवताना बसते तशीच.

त्यानंतर पोरगी खोलीत झोपेना.

आधी म्हणाली उकडतं. मग म्हणाली गादी टोचते. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपायला लागली. साळुंकी गप्प झाली. एका संध्याकाळी मी विचारलंच.

“लग्नाबिग्नाचं काही आहे का? असेल तर सांग. मुलगा बरा असला तर मी फार घासाघीस करणार नाही.”

ती हसली नाही.

“आत्या, पंखा लावून पडलं ना, की वारा अंगावर येतो. मग तुटतो.”

“तुटतो म्हणजे?”

“मध्ये कुणी आल्यासारखा. आणि मग... येतच नाही बराच वेळ.”

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

“आधी पण तिथे काहीतरी होतं, आत्या. पण ते नुसतं होतं. अडथळ्यासारखं. मी बाहुली बसवली आणि...” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “आता त्याला गुडघे आहेत.”

हे शेजारी वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटायचे थांबले.

“काढून टाक ती बाहुली,” मी म्हटलं.

“काढली तर आकडे जुळत नाहीत. आकडे जुळले नाहीत तर नोकरी नाही.”

“नोकरी गेली तर दुसरी मिळेल. तू कुठे मिळणार आहेस मला दुसरी?”

तिने मान हलवली. पण काढली नाही. आई-बापाविना वाढलेली पोर. स्वतःच्या पायावर उभं राहायचं एवढं एकच तिने लहानपणापासून घोकलेलं. मी तरी काय जोर करणार?

आणि दशांशांनी पुढचं काम सांगितलं.

आता पंख्याची पाती कॉम्प्युटरनेच घडवायची. खोलीतल्या माणसाला सुखाचा वारा लागला पाहिजे, एवढंच त्याला सांगायचं. मग तो आपला आपण पाती वाकवतो, फिरवून बघतो, पुन्हा वाकवतो. हजारो वेळा. कुणी बघायला लागत नाही. चिऊने पलंगावर एक झोपलेली बाहुली ठेवली, गिऱ्हाइकाची, आणि यंत्र चालू केलं.

एक गोष्ट राहिली. खिडकीखाली बसलेली बाहुली ही माणूस नाही, अडथळा आहे, असं प्रोग्रामला सांगायचं असतं. ती विसरली.

कॉम्प्युटरने तिलाही माणूस धरलं.

पाती तयार झाली. विचित्र दिसत होती, कानाच्या पाळीसारखी वळलेली. नमुन्याचा पंखा जोडून आमच्या तपासणीच्या खोलीत ठेवला. भरदुपारी, सगळे जमलेले. समोर पलंगाच्या जागी मी उभी राहिले.

वारा नाही.

पंखा जोरात फिरतोय, आणि चेहऱ्यावर फुंकरसुद्धा नाही. पलंगावर कुणी झोपतच नाही असं धरून बनवल्यासारखा.

“बाजूला बसून बघतो,” दशांश म्हणाले. खिडकीखालच्या जागेचं माप घेऊन तिथे खुर्ची ठेवली. ते बसले.

आणि त्यांनी डोळेच मिटले. “वा! काय वारा आहे! असा वारा आयुष्यात—”

वाक्य तिथेच तुटलं.

कपाळावरचे त्यांचे चार केस उडत होते. ते केस एकदम खाली बसले...

पंखा तसाच फिरत होता. त्यांच्यासमोर कुणी नव्हतं. आम्ही सगळे भिंतीशी होतो.

पंख्याची घरघर दबली. बुडाली. आणि तशीच राहिली.

दशांशांनी डोळे उघडले. समोर बघितलं, अगदी जवळ, कुणाच्या तरी चेहऱ्याकडे बघावं तसं. मग ते खुर्चीतून उठले. सरळ न उठता बाजूने सरकून. गर्दीतून वाट काढतात तसे.

“साधारण... ठीक आहे,” ते म्हणाले.

साधारण!

कारखान्यात त्या शब्दाची चेष्टा झाली. मला हसू आलं नाही. मी त्यांच्या मागोमाग गेले.

“साहेब, बाहुली काढायला सांगा पोरीला.”

“मॉडेल वर मंजूर झालंय, बाई. मोठ्या साहेबांनी बघितलंय.”

“तुम्ही काय बघितलंत?”

ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसले. मग म्हणाले, “ती खुर्ची भंगारात टाका.” एवढंच.

मी जागेवर परतले, तर चिऊ माझी वाटच बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“आत्या, मी काढते ती. तू फक्त शेजारी बस.”

मी खुर्ची ओढली. तिने पडद्यावर खोली उघडली. खिडकीखाली ती राखाडी बाहुली. तिच्याच उंचीची, तिच्याच खांद्यांची. चिऊने तिच्यावर बाण नेला. प्रोग्रामने विचारलं, खरंच काढायची का?

“यालासुद्धा खात्री करून घ्यायचीय बघ,” चिऊ हसायचा प्रयत्न करत म्हणाली.

मी तिचा दुसरा हात धरला होता.

तिने बटण दाबलं.

बाहुली गेली.

तिच्या हाताला एक झटका बसला, झोपेत पाय घसरल्यासारखा वाटतो ना, तसा. “काय झालं?” मी विचारलं. “काही नाही,” ती म्हणाली. “हलकं वाटलं.”

मला तेव्हा तो शब्द किती बरा वाटला!

रविवारी तिने घरची खोली पुन्हा मोजली. आम्ही तिघं बाहेर, दार बंद. मी कानात प्राण आणून बसले होते. घरघर एकसारखी, संथ. एकदाही दबली नाही. धुराची नळी दाबली, तर धूर खिडकीपर्यंत सरळ गेला. फाटला नाही. खोली रिकामी होती. कॉम्प्युटरही म्हणाला रिकामी. दशांशचिन्हापुढची दोन्ही घरं जुळली, बाहुलीशिवाय.

दशांशांनी एकही प्रश्न न विचारता सही केली. ती पाती वितळवली. नवी घडवली, साधी, पलंगावर वारा देणारी. चिऊची नोकरी पक्की झाली. ती खोलीत झोपायला लागली. साळुंकी पुन्हा सुरू झाली. ह्यांनी शेजाऱ्यांना पेढे वाटावेत तसं व्होल्टेजवर व्याख्यान दिलं.

माझ्या मनातलं खातं मी बंद केलं. जमा तेवढी नावे, बाकी शून्य.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहायलाच बसले नसते.

परवाची गोष्ट. सुट्टीचा दिवस, ऐन दुपार. बाहेरच्या खोलीत पंखा एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला चष्मा लावून वाचत. मध्ये चिऊ, पंख्याकडे पाठ करून, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसलेली. कारखान्यातल्या कुणाचं तरी लग्न कसं मोडलं ते रंगवून सांगत होती.

माझ्या हातातलं पान फडफडलं.

मी बोटाने दाबलं. पुन्हा फडफडलं. चेहऱ्यावर छान वारा येत होता. गार, भरपूर, सरळ.

सरळ...

मी चष्म्यावरून बघितलं.

पंखा. मग चिऊ. मग मी. एका ओळीत.

मी थोडी डावीकडे सरकले. वारा तेवढाच. उजवीकडे सरकले. तेवढाच. पुन्हा तिच्या बरोब्बर मागे आले. तसूभरही कमी नाही.

तिच्या पाठीवर मोकळे केस होते. पंखा हातभर अंतरावर, जोरात.

एक केस हलत नव्हता.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे कोपऱ्यात बसले होते. ते चिऊकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. आणि त्यांच्या नजरेवरून मला कळलं, की ह्यांना हे आधीपासून ठाऊक आहे.

चिऊ आत पाणी प्यायला गेली, तेव्हा मी कुजबुजले, “कधीपासून?”

“खोली रिकामी झाली तेव्हापासून.”

“मला बोलला नाहीत?”

“काय बोलू? कुठलं औषध देऊ हिला?”

आतून पेला ठेवल्याचा आवाज आला. ती गुणगुणत होती. तिला काही ठाऊक नाही. जेवते, झोपते, कामावर जाते. हात धरला तर हात लागतो, ऊबही लागते. मी रोज काही ना काही निमित्त काढून धरून बघते. वारा तेवढा तिला ओळखत नाही.

बाहुली परत ठेवायला सांगावी, असंही मनात येतं. तिच्याच मापाची, त्याच जागी. पण ठेवली तर कोण परत येईल? माझी चिऊ... की तिच्याआधी तिथे बसलेली ती? आणि आत्ता जी आतल्या खोलीत गुणगुणते आहे...

नाही. हे वाक्य मी पुरं करणार नाही.

काल संध्याकाळी ती पुन्हा तशीच मध्ये बसली होती. अचानक वळली. “काय गं आत्या, अशी काय बघतेस? वारा अडतोय का माझ्यामुळे?”

माझं पान फडफडत होतं. मी ते मांडीखाली दाबलं.

“हो ना,” मी म्हटलं. “किती अडवशील? सरक बघू जरा.”

ती हसत बाजूला झाली.

वारा होता तेवढाच होता.

“आला?” तिने विचारलं.

“आला गं,” मी म्हटलं. “आता कसा छान आला.”